थांबवायचं कुठे, ते आधी ठरवा : बायबलच्या अ‍ॅनिमेशन गोष्टी मुलांना दाखवताना

आमच्या संडे स्कूलमध्ये टीव्ही आला त्या पहिल्या रविवारी मी योनाचा, म्हणजे देवाने दिलेलं काम टाळून पळणाऱ्या आणि मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याचा, व्हिडिओ लावला आणि चहा घ्यायला गेले. परत आले तेव्हा वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. मनात म्हटलं, जमलं. पुढच्या रविवारी विचारलं, "मागच्या वेळी काय पाहिलं?" एकाने त्यातल्या विनोदी खलाशाची नक्कल करून दाखवली. दुसऱ्याने मासा किती मोठा होता ते हात पसरून सांगितलं. योना पळत का होता, हे मात्र वीस मुलांतल्या एकालाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून पुण्याच्या पूर्व भागातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दर महिन्याला दोन रविवार व्हिडिओ वापरते. जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहिते आहे. संडे स्कूलचे शिक्षक, मे महिन्यातली व्ही.बी.एस., म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घेणारे तरुण आणि घरी मुलांच्या हातात मोबाइल देणारे आईबाबा, तिघांनाही ते चालेल. सगळ्याचं सार एवढंच की व्हिडिओ संपायच्या आत थांबवायचा. नेमका कुठे, ते आदल्या रात्री ठरवून ठेवायचं.

आधी गोष्ट, मग व्हिडिओ

बहुतेक जण उलटं करतात. यूट्यूबवर छान काहीतरी दिसतं आणि मग त्याच्याभोवती धडा रचला जातो. तसं करू नका. आधी गोष्ट ठरवा. आपल्या वर्गात सध्या काय चाललंय ते बघा: कोणी कोणाला वाळीत टाकलंय का, वस्तू गायब होताहेत का, परीक्षेतल्या मार्कांवरून चिडवाचिडवी आहे का. मग त्या जवळची गोष्ट घ्या.

व्हिडिओ ढोबळमानाने दोन जातीचे असतात. पहिल्या जातीत आजची मुलं बायबलच्या काळात जाऊन पोचतात. 'सुपरबुक' हे त्यातलं जुनं नाव. 1981 साली ते जपानमध्ये तयार झालं आणि 2011 पासून संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये नव्याने आलं. त्यात ख्रिस, जॉय आणि गिझमो नावाचा रोबो असतो. दुसऱ्या जातीत प्राणी, भाज्या, खेळणी अशी पात्रं एखादा गुण शिकवतात. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'व्हेजी टेल्स'मध्ये टोमॅटो आणि काकडी बोलतात. ते काढणाऱ्या फिल व्हिशर यांनी पुढे 2011 मध्ये एका मुलाखतीत स्वतःच कबूल केलं, की आपण मुलांना चांगलं वागायला सांगत राहिलो, पण बायबल सांगतं म्हणून क्षमाशील व्हा, दयाळू व्हा, एवढ्याने ख्रिस्ती विश्वास शिकवला जात नाही, ती नुसती नीती होते. दहा वर्षं जे काम केलं त्याबद्दल असं बोलायला धाडस लागतं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या वहीतले निम्मे धडे मला खोडावेसे वाटले.

माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या पुढे पहिल्या जातीचेच व्हिडिओ घ्या. गोष्ट माणसांची असली की मुलं माणसांबद्दल बोलतात.

एकट्याने, पवित्र शास्त्र उघडं ठेवून

शनिवारी रात्री व्हिडिओ एकदा पूर्ण बघायचा. शेजारी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं, हातात पेन्सिल. जिथे व्हिडिओ मूळ वचनापासून हलतो तिथे वेळ लिहून ठेवायची. काही ठिकाणं नेहमीचीच असतात. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असं मत्तयाचं शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही, आणि ते गोठ्यात नाही, घरात आले असं म्हणतो. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत लिहिलेलं नाही. योनाला गिळतो तो 'मोठा मासा'. व्हिडिओत तो हमखास देवमासा असतो, आणि मग विज्ञानाच्या पुस्तकातून ताजी आलेली मुलं सांगतात, "टीचर, देवमासा मासा नसतोच."

या चुका लपवायच्या नाहीत, उलट खेळ करायचा. दहा वर्षांवरच्या मुलांना सांगायचं, "व्हिडिओवाल्यांनी दोन गोष्टी स्वतःच्या मनाने घातल्यात, शोधा." पवित्र शास्त्राचं पान उलटायला एरवी जी मुलं कुरकुरतात ती तेव्हा पानांवर तुटून पडतात.

एक चूक मात्र खेळावारी नेऊ नका. पुष्कळ व्हिडिओंत येशू गोरापान, निळ्या डोळ्यांचा असतो आणि वाईट माणसं नेमकी काळीसावळी. मुलं हे न बोलता टिपतात. मी एकदा वर्गात आन्जेलो द फोन्सेका यांच्या चित्रांची छायाचित्रं नेली. मूळचे गोव्याचे हे चित्रकार आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि 1967 मध्ये वारले. त्यांची मरीया साडी नेसलेली असते. एक मुलगी चित्र जवळ धरून म्हणाली, "ही माझ्या मावशीसारखी दिसते." त्यानंतर निळ्या डोळ्यांबद्दल वेगळं भाषण द्यावं लागलं नाही.

कुठे थांबवायचं

जवळपास प्रत्येक मुलांच्या व्हिडिओत शेवटची दोन मिनिटं सारखी असतात. गोड संगीत वाजतं, कोणीतरी मोठं माणूस गुडघ्यावर बसतं आणि म्हणतं, "तर मुलांनो, आज आपण काय शिकलो?" ही दोन मिनिटं मी कधीच दाखवत नाही. उत्तर तयार मिळालं की मुलं विचार करायचं सोडतात आणि पाठ करायला लागतात.

आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दयाळू शोमरोन्याची गोष्ट आहे: लुटून टाकलेल्या माणसाला दोघे जण टाळून जातात, तिसरा, परका शोमरोनी, मदत करतो. ती सांगून झाल्यावर येशू तात्पर्य सांगत बसत नाही. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्यालाच तो उलट विचारतो, लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला? उत्तर त्या शास्त्र्याला द्यावं लागतं. योनाचं पुस्तक तर प्रश्नावरच संपतं. ज्या निनवे शहराच्या नाशाची घोषणा करायला देवाने योनाला पाठवलं ते वाचलं म्हणून योना रुसलाय, सावली देणारा वेल वाळला म्हणून चिडलाय, आणि देव त्याला विचारतो: त्या वेलाची तुला एवढी कीव, मग एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या निनवेची मला येऊ नये? पुस्तक इथे मिटतं. योना काय म्हणाला ते नाही. बहुतेक व्हिडिओ हा चौथा अध्याय गाळतात आणि मासा योनाला बाहेर टाकतो, निनवे पश्चात्ताप करतं, तिथे टाळ्या घेतात. म्हणून योनासाठी मी व्हिडिओ तिथवरच दाखवते आणि चौथा अध्याय पडदा बंद करून वाचते.

त्याच व्हिडिओत आणखी एक जागा आहे. वादळ सुटलंय आणि योना खलाशांना म्हणतो, मला उचलून समुद्रात टाका. इथे थांबवा. चित्र पडद्यावर गोठलेलं, लाटा वर उसळलेल्या. विचारा, "तुम्ही खलाशी असता तर?" लहान मुलं लगेच म्हणतात, टाकायचं. मोठी मुलं गप्प होतात. मग वाचून दाखवा की त्या परक्या, देवाला न ओळखणाऱ्या माणसांनी आधी जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठायचा प्रयत्न केला. देवाचा माणूस पळतोय आणि परके त्याला वाचवायला धडपडताहेत, हे मुलांच्या चटकन लक्षात येतं. मोठ्यांच्या तितकं येत नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपला वाटा उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो. तिथे मी थांबते ती थोरल्या भावाशी. तो रागावून आत जात नाही, बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. भाऊ आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. व्हिडिओवाल्यांना हे सहन होत नाही. ते दोन्ही भावांना मिठी मारायला लावतात. मिठीच्या आधी बटण दाबायचं. गेल्या वर्षी दहा वर्षांची एक मुलगी, जिला घरी धाकटा भाऊ आहे, फटकन म्हणाली, "मी नसते गेले आत. त्याला कधी साधं करडूपण दिलं नव्हतं. बरोबर आहे त्याचं." मागून एक जण म्हणाला, "अगं, पण तोवर जेवण संपेल ना." सगळे हसले. मी काहीच बोलले नाही, हे मला फार कष्टाने जमलं. वर्ग सुटल्यावर चप्पल घालता घालता त्या मुलीने विचारलं, "टीचर, बाबा बाहेर किती वेळ थांबले असतील?"

विचारायचं काय

"आपण काय शिकलो?" हा प्रश्न वर्गातून हद्दपार करा. कोणतीही गोष्ट दाखवा, उत्तर येतं, "खोटं बोलू नये." नोहा दाखवा, खोटं बोलू नये. दावीद दाखवा, खोटं बोलू नये. मुलांना ठाऊक असतं की मोठ्यांना एवढंच हवंय.

त्याऐवजी जागेवर बोट ठेवणारे प्रश्न विचारा. या चित्रात कोण घाबरलंय? कोणाची चूक नसताना त्रास कोणाला झाला? याच्या जागी तू असतास तर घरी जाऊन आईला काय सांगितलं असतंस? प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं. चारपर्यंत आलं की जीव कासावीस होतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या अंकाला एरवी गप्प बसणारं एखादं मूल बोलतं.

मूसा की मोशे

मराठीत चांगली अ‍ॅनिमेशन कमी, हिंदी आणि इंग्रजीत भरपूर. आमची बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमातली, म्हणून इंग्रजी व्हिडिओ त्यांना सहज कळतो. पण मग घरी आजी मोशेबद्दल बोलते आणि नातवाला ठाऊक असतो 'मोझेस'. हिंदी व्हिडिओत तर आणखी गंमत. नोहाचा नूह, मोशेचा मूसा, येशूचा यीशु. दावीदचा दाऊद झाला तेव्हा वर्गातून जो प्रश्न आला तो मी इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखलाच असेल.

यावर दोन उपाय. व्हिडिओ लावायच्या आधी फळ्यावर मराठी नावं लिहायची आणि मुलांकडून म्हणून घ्यायची. आणि दुसरा, जो मला जास्त आवडतो: आवाज बंद करून व्हिडिओ चालवायचा आणि गोष्ट आपण मराठीत सांगायची. चार-पाच मिनिटांचा तुकडा असेल तर हे सहज जमतं. वेग 0.75 वर ठेवला की श्वास घ्यायला वेळ मिळतो. बोलीत सांगा, छापील नको. दावीदची गोफण आली की विचारा, घरी कोणी गोफण पाहिलीय का. आमच्याकडे एकाच्या आजोबांनी शिरूरकडच्या शेतात ज्वारीवरची पाखरं गोफणीने उडवली होती. पुढच्या रविवारी आजोबा स्वतः आले. व्हिडिओ त्या दिवशी लागलाच नाही.

जक्कय, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढणारा, लोकांना नकोसा झालेला ठेंगणा जकातदार, तर पुण्याच्या मुलांसाठीच आहे. मराठी पवित्र शास्त्रात तो उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर आपल्याकडे कुठेही दिसतो, खोडालाच फळं लगडलेली. वर्गाच्या आधी एक खरा उंबर दाखवून आणा. व्हिडिओत येशू जक्कयच्या घरी जायला निघतो आणि लोक कुजबुजतात, तिथे थांबवा. मोठ्या मुलांना 1890 सालचं पंचहौद मिशनमधलं चहाचं प्रकरण सांगा. टिळक, रानडे यांच्यासारख्या माणसांनी गुरुवार पेठेत मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून बहिष्कार आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्टी गेल्या. कोणाच्या घरी काय खाल्लं यावरून गाव कसं पेटतं, हे समजावायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. मग विचारा, तुमच्या शाळेत कोणाच्या डब्यातलं कोण खात नाही?

वय बघून

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत, आणि पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. देवाच्या गोष्टी आहेत म्हणून हा हिशेब बदलत नाही. आमच्या चाळीस मिनिटांच्या वर्गात पडदा बारा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. लहान गटात पाच.

सहाच्या आतल्या मुलांना वधस्तंभाचं दृश्य, दावीदने कापलेलं गल्याथ राक्षसाचं मस्तक, जलप्रलयात बुडणारी माणसं दाखवू नका. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) असला तरी नको. ते तोंडी सांगा. ऐकलेली गोष्ट मूल स्वतःला पेलवेल एवढीच डोळ्यांपुढे आणतं, पाहिलेली मात्र जशीच्या तशी रात्री अंथरुणात येते. या वयाला पाच भाकरी आणि दोन मासळ्या उत्तम. योहान सांगतो की त्या एका मुलाजवळच्या होत्या, जवाच्या. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या तिथे थांबवून सगळ्यांचे डबे उघडायला लावा.

खोली, केबल, जाहिराती

प्रोजेक्टरच्या मागे लागू नका. सकाळी दहाच्या उन्हात चर्चच्या हॉलमध्ये चित्र दिसत नाही आणि चादरी लावण्यात अर्धा तास जातो. वीस मुलांना 32 इंची टीव्ही पुरतो. लांब एचडीएमआय केबल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, घ्या आणि दुकानातच लावून बघा. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज ओठांच्या मागे पडतो, तारेचा घ्या. मुलांना चटईवर अर्धगोलात बसवा, म्हणजे त्यांना एकमेकांचे चेहरेही दिसतात. रिमोट तुमच्या हातात, दुसऱ्या कोणाकडे नको.

इंटरनेटवरून थेट कधीही दाखवू नका. एकदा मी नाइलाजाने दाखवलं. दानिएल सिंहांच्या गुहेत उतरतोय, एवढ्यात पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली. एका मुलाने पुढची ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली. अ‍ॅपमध्ये ऑफलाइन ठेवायची सोय असेल तर ती वापरा किंवा निर्मात्यांनी उतरवून घ्यायला दिलेली फाइलच घ्या. घरी मोबाइलवर दाखवताना ऑटोप्ले बंद करा, नाहीतर पाचव्या मिनिटाला मोशे जातो आणि खेळणी उघडणारा माणूस येतो.

पडदा बंद झाल्यावर

पाहिलेलं हाताला लागलं नाही तर ते गुरुवारपर्यंत विरतं. पण दर वेळी चित्र रंगवायला देऊ नका, मुलं कंटाळतात. जक्कयने चौपट परत केलं, म्हणून आम्ही एका आठवड्यात प्रत्येकाने घेतलेली आणि परत न केलेली एक वस्तू परत करायची असं ठरवलं. तीन खोडरबर, एक गोष्टीचं पुस्तक आणि एक बॅडमिंटनचं फूल परत गेलं. कोणी काय परत केलं हे मी वर्गात विचारलं नाही, मुलांनीच सांगितलं. बक्षीस ठेवलं असतं तर पुढच्या आठवड्यात मुलांनी परत करण्यासाठी वस्तू उचलल्या असत्या.

पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओची लिंक पाठवू नका. तो प्रश्न पाठवा, ज्यावर वर्ग संपला. "थोरला भाऊ आत गेला का?" एवढीच ओळ. त्यावर घरोघरी जेवताना वाद झाल्याचं मला पाळकसाहेबांकडून कळलं.

शाळेत दाखवायचं असेल तर

शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला असा व्हिडिओ लावायचा असेल तर वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असणार. राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला त्याच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची. म्हणून आधी मुख्याध्यापकांशी बोला, पालकांना लेखी कळवा, ज्यांना नको त्यांच्यासाठी दुसरं काही ठेवा. व्हिडिओ कोणत्या धर्माचा आहे हे झाकून ठेवून दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. प्रामाणिकपणाचाच धडा असेल तर जास्तच. सोसायटीतल्या शेजारच्या मुलांनाही हाच नियम: त्यांच्या आईला विचारल्याशिवाय नाही.

आवाज मुलांचा

वर्षातून एकदा, सहसा मे महिन्यात, आम्ही एक तीन मिनिटांचा तुकडा घेऊन त्याला मुलांचाच मराठी आवाज देतो. बारा-तेरा वर्षांची मुलं संवाद लिहितात. त्यासाठी त्यांना मूळ अध्याय चार-पाच वेळा वाचावाच लागतो, हा माझा छुपा फायदा. आवाज मोबाइलवर टिपायचा, चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे झगे टांगलेले असतात. कापडामुळे घुमत नाही. पंखा बंद. पडद्यावर व्हिडिओ मुका चालू ठेवायचा आणि मुलांनी त्याकडे बघत बोलायचं. हे फक्त वर्गापुरतं ठेवा, दुसऱ्याच्या चित्रावर आपला आवाज घालून इंटरनेटवर चढवू नका.

यंदा योना केला. देवाचा आवाज कोण देणार यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी ठरलं की सगळ्यांनी मिळून हळू आवाजात म्हणायचं. माशाला संवाद नाही म्हणून सगळ्यात धाकटा रडला, तर मोठ्यांनी त्याला वादळ दिलं. निनवेच्या रस्त्यावर योना ओरडत जातो ते आम्ही टिपत होतो आणि नेमका बाहेरून भंगारवाला गेला, "ए भंगाऽऽर" करत. मी परत घेऊ म्हटलं. मुलं म्हणाली, असू दे टीचर, शहर आहे ना ते.